कापसाचे पैसे खात्यात आले की कळव

जळगाव,
संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय बेटा,

तुझं लीड्सचं ऑफर लेटर दोनदा वाचलं. फूड सायन्सची एमएस्सी, सप्टेंबरचं सत्र. फार आनंद झाला. तुझ्या आधी तुझ्या आईचा फोन येऊन गेला होता. तिचा प्रश्न एकच होता, "सर, तठे जेवाले काय भेटी?" डाळ-पीठ मिळतं, स्वयंपाकघर मिळतं, काळजी करू नका, असं तिला सांगितलं आहे. तू मात्र निघण्यापूर्वी तिच्याकडून कळण्याची भाकरी शिकून घे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. एजंट म्हणतो, "व्हिसाचं सगळं आम्ही बघतो, खात्यात पैसे दाखवायचीही सोय करतो, महिनाभरासाठी एवढे टक्के." तर त्याच्याकडे जाऊ का, असं तू विचारलंस. जाऊ नको. फॉर्म भरायला कोणाची मदत घेतलीस तर माझी हरकत नाही. पण उसना पैसा खात्यात टाकून तो घरचा म्हणून दाखवायचा, या वाटेला जाऊ नको. ब्रिटनच्या अर्जात खोटा कागद किंवा लपवाछपवी सापडली तर अर्ज नाकारला जातोच, वर 10 वर्षं प्रवेशबंदी लागू शकते. तुला आता बावीसावं चालू आहे. एजंटचं तेव्हा काहीच जात नाही. अर्जावर सही तुझी असते.

आणि मुख्य म्हणजे तुम्हाला त्याची गरजच नाही. तुझ्या घरी पैसा आहे. तो पिकाच्या हिशेबाने येतो आणि पिकाच्या हिशेबाने जातो, एवढंच. तिकडे अर्ज तपासणाऱ्या माणसाला केळीची कांदेबाग म्हणजे काय ते माहीत नाही, पीककर्ज देणारी गावची सोसायटी म्हणजे विकासो माहीत नाही, मार्चअखेरीला जुनं कर्ज भरून नवं उचलायचं ते नवं-जुनं माहीत नाही. त्याच्यासमोर फक्त बँकेचा उतारा असतो. तो उतारा त्याला सरळ वाचता आला पाहिजे, आणि ही तयारी जुलैत करून चालत नाही. म्हणून संक्रांतीलाच हे पत्र लिहितो आहे.

माझी गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. माझा पहिला अर्ज नाकारला गेला होता. बाबांनी वर्षानुवर्षं गावाकडच्या एका पतसंस्थेत ठेवी ठेवल्या होत्या. गोल शिक्का आणि चेअरमनची सही असलेला दाखला आम्ही मोठ्या अभिमानाने जोडला. तो ग्राह्य धरला गेला नाही. पत्र आलं तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. मी वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसा आपला नही, आसं म्हनतस का त्या?" मला त्यांना नीट समजावता आलं नाही. पैसा आमचाच होता, पै न् पै. तो ज्या जागी ठेवला होता तिथली खातरजमा परदेशातल्या कचेरीला करता येत नव्हती. माझं वर्ष गेलं. त्यापेक्षा बाबांचा तो प्रश्न जास्त लागला, आणि आजही मुलांच्या फायली बघताना तो माझ्या कानात असतो.

म्हणून पहिलं काम हे. नियम असा आहे की पैसा जिथे आहे ती संस्था त्या देशाच्या नियामकाच्या देखरेखीखाली हवी, तिचे हिशेब संगणकावर हवेत आणि विचारणा केली तर तिने खातरजमा करून दिली पाहिजे. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेल्या असतात, त्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या बँका नव्हेत. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींच्या कहाण्या घरोघरी आहेत, ते दुःख वेगळंच. तुझ्या काकांनी किंवा बाबांनी तिथे काही ठेवलं असेल तर मुदत संपताच राष्ट्रीयीकृत बँकेत आणा. सोनं, शेअर आणि सातबाराही यात धरत नाहीत. सातबाऱ्यावर पाच एकर बागायत असली तरी ती हातातली रक्कम नाही. बँकेतली मुदत ठेव चालते, मात्र ती हवी तेव्हा मोडता आली पाहिजे.

रक्कम किती, ते आता बघ. विद्यापीठ तुला सीएएस देईल. प्रवेश पक्का झाल्याचा तो क्रमांक. त्यात फी किती आणि त्यातली भरली किती ते लिहिलेलं असतं. उरलेली फी अधिक राहण्याचा खर्च, एवढं दाखवायचं. लंडनबाहेर राहण्याचा खर्च नोव्हेंबर 2025 पासून महिना 1,171 पौंड धरतात, जास्तीत जास्त 9 महिन्यांचा, म्हणजे 10,539 पौंड. रुपयांत साधारण बारा-तेरा लाख. पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरला जातो, त्यामुळे काठावरची रक्कम ठेवू नका. पन्नास-साठ हजार वर असू द्या. अर्ज भरायच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आकडा पुन्हा बघ, कारण ते तो बदलत राहतात.

ही रक्कम सलग 28 दिवस खात्यात हवी. एक दिवसही कमी होता कामा नये. उताऱ्याची शेवटची तारीख अर्जाच्या आधी 31 दिवसांच्या आत हवी, आणि अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरली तो दिवस. वाचायला सोपं वाटतं. दोन वर्षांपूर्वी पारोळ्याकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. हुशार, सगळे कागद चोख. एकोणिसाव्या दिवशी त्याच्या वडिलांनी खतासाठी चाळीस हजार काढले. जून महिना होता, पाऊस पडून गेला होता, पेरणी थांबवायची कशी? चार दिवसांनी परत भरले. त्यांच्या दृष्टीने पैसे पुरे होते. अर्ज नाकारला गेला. त्या माणसाची चूक काढायला माझी जीभ रेटत नाही. त्याला कोणी 28 दिवसांचं सांगितलंच नव्हतं, मुलानेसुद्धा नाही.

यासाठी बाबांना सगळं सांग. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत या खात्याला हात लावायचा नाही, ते कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेव. त्याहून बरं, शिक्षणाच्या पैशाचं खातंच वेगळं ठेव. खत, बी-बियाणं, मजुरी, पीककर्ज हे सगळं जुन्या खात्यावर चालू दे.

आता आपल्या भागातली खरी अडचण. सप्टेंबरच्या सत्रासाठी सीएएस आणि अर्ज जून, जुलै, ऑगस्टमध्ये होतो. नेमकं तेव्हाच शेतकऱ्याचं घर रिकामं असतं. कापसाचे पैसे हिवाळ्यात येऊन जातात, मार्चअखेरीला विकासोचं कर्ज भरून नवं-जुनं होतं, जूनमध्ये पेरणी उरलंसुरलं घेऊन जाते. तुमची कांदेबाग कापणीला येईल तोवर तुझं सत्र सुरू झालेलं असेल. म्हणून या वर्षीच्या कापसाच्या पैशातला शिक्षणाचा वाटा आत्ताच बाजूला काढावा लागेल. बाबांना विनंती कर, उरलेला माल खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, रोखीने देऊ नका. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर दिला तर रक्कम थेट खात्यात येते आणि उताऱ्यावर कोणाकडून आली ते दिसतं. केळीच्या व्यापाऱ्याकडूनही बँकेतून घ्या. रोख घ्यावीच लागली तर त्याच आठवड्यात भरा आणि माल विकल्याची पट्टी सांभाळून ठेवा. अर्जाच्या महिनाभर आधी एकदम दहा लाख रोख भरलेले दिसले तर कोणीही विचारणारच, कुठून आले. तुझ्याकडे पट्ट्या असतील तर उत्तर आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून बाबा आयकर विवरणपत्र भरत नसतील. त्यात गैर काही नाही, पण मग तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि या पट्ट्या हाताशी हव्यात.

सगळी रक्कम घरची होणार नाही, हे मला दिसतं. कर्ज लागेल. इथे बाबांना धक्का बसण्याआधी सांगून ठेव: शेतजमीन तारण म्हणून बँका शैक्षणिक कर्जासाठी सहसा घेत नाहीत. मॅनेजर तुमच्या जमिनीला कमी लेखतो म्हणून नव्हे. 2002 च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळली आहे, त्यामुळे कर्ज थकलं तर त्या कायद्याने बँकेला ती ताब्यात घेता येत नाही. शेतकऱ्याच्या रक्षणासाठीची ही तरतूद त्याच्या लेकीच्या कर्जाला आडवी येते, याचं मला दरवेळी वाईट वाटतं. एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट, शहरातलं घर, मुदत ठेव, एलआयसीची पॉलिसी यावर बोलणी होतात. तुझ्या मामांचा अमळनेरचा प्लॉट आहे, त्यांच्याशी आत्ताच बोला. जुलैत घाईने मागितलं तर नकार देणंही त्यांना जड जाईल आणि होकारही. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो. पीएम-विद्यालक्ष्मी ही वेगळी योजना आहे आणि ती देशातल्या संस्थांसाठीच आहे, नावात गल्लत करू नको.

कर्जाचा मोठा फायदा असा की बँकेचं मंजुरीपत्र असेल तर त्या रकमेला 28 दिवसांची अट नाही. पत्र तुझ्या नावाने हवं, अर्जाच्या आधी 6 महिन्यांच्या आतलं हवं, कर्ज शैक्षणिकच असावं. सोनेतारण किंवा वैयक्तिक कर्ज त्यात धरत नाहीत. "व्हिसा मिळाल्यास" याखेरीज दुसरी अट पत्रात राहू देऊ नको. शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, तोही कापत नाहीत.

बाबांच्या खात्यातले पैसे दाखवायचे तर तू त्यांची मुलगी आहेस हे जन्मदाखल्यावर दिसावं लागतं, सोबत त्यांचं संमतीपत्र. काका-मामांच्या खात्यातले चालत नाहीत. इथे आपल्याकडे हमखास अडतं ते नावांवर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात. बाप एका कागदावर शांताराम, दुसऱ्यावर शांतारामभाऊ, बँकेत नुसती आद्याक्षरं. कित्येकदा ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत मुलाचं नावच घातलेलं नसतं. तुझा दाखला मी पाहिलेला नाही, तो आधी काढ. दुरुस्ती लागली तर ग्रामसेवक, प्रतिज्ञापत्र, वेळ पडली तर राजपत्र, यात दोन महिने सहज जातात. मराठीतल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि "हे अचूक आहे" असं लेखी हवं. तू स्वतः केलेलं चालत नाही, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी.

क्षयरोगाची तपासणीही असते. जळगावच्या कुठल्याही एक्स-रेवर ती होत नाही, ब्रिटिश सरकारने ठरवून दिलेल्या दवाखान्यातच होते. मुंबईत होते. दाखला 6 महिने चालतो. छातीत काही डाग दिसला आणि थुंकी तपासायला घेतली तर दोन महिनेही लागू शकतात, म्हणून मे महिन्यातच उरकून घे. रात्रीची अमरावती एक्स्प्रेस धर, बाबांना सोबत ने.

मुलाखतीला बोलावतील किंवा नाही बोलावणार. बोलावलं तर विचारतील, हाच विषय का, हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार. एजंट देतात ते "लहानपणापासून मला विज्ञानाची आवड" असलं निवेदन पाठ करू नको. गेल्या वर्षी वादळात तुमची बाग आडवी झाली तेव्हा तू मला काय म्हणाली होतीस, आठवतं? उभा माल वाऱ्याने जातो ते आपल्या हातात नाही, पण कापलेला माल केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरपर्यंत जाताना जो काळा पडतो तो तरी वाचवता आला पाहिजे. तेच सांग. तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलंस तरी चालेल.

एजंटने बाबांना आणखी एक सांगितलंय म्हणे, की पोरगी तिकडे काम करून फी फेडेल, आणि शिक्षणानंतर दोन वर्षं राहता येईल. दोन्ही तपासून घे. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही. त्यात हातखर्च निघेल, फी निघणार नाही. आणि शिक्षणानंतरची मुदत 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना 18 महिने केली आहे, तू त्यातच येशील. बाबांना खरा आकडा सांगूनच कर्जावर सही घे.

रविवारी सकाळी घरी ये. बाबांचं पासबुक भरून आण, जन्मदाखला आण, आणि सगळ्यांच्या आधारकार्डांच्या प्रती आण. नावं आपण शेजारी-शेजारी ठेवून बघू. बाबांना वेळ असेल तर त्यांनाही घेऊन ये, 28 दिवसांचं मी त्यांना समजावतो. कापूस किती उरलाय तेही विचारून ठेव.

तुझा,
सर