मेंढा विकला गेला कधी आणि दुखावला कोणाच्या मालकीत?

ताई, तुमचं पत्र आणि सोबतचे तिन्ही फोटो मिळाले. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून हकीकत थोडक्यात सांगते. तुमचं बेट किनाऱ्यापासून बोटीने पाच तासांवर. तुमच्या कळपातला पैदाशीचा मेंढा किनाऱ्यावरच्या एका मेंढीपालकांनी व्हिडिओ कॉलवर पाहिला, कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहून घेतला, सौदा पक्का केला आणि निम्मी रक्कम तुमच्या खात्यावर टाकली. "डॉक्टरांचा दाखला घेते आणि मिळेल त्या बोटीने पाठवते," असं तुम्ही कळवलंत; त्यांनी "चालेल, पाठवा" असं उत्तर दिलं. दाखला मिळाला, त्याचा फोटोही त्यांना गेला. मग समुद्र खवळला आणि नऊ दिवस एकही बोट सुटली नाही. दहाव्या दिवशी मासेमारीच्या बोटीतून मेंढा गेला, तो धक्क्यावर उतरला लंगडतच. घेणाऱ्यांनी तो नाकारला आणि पैसे परत मागितले. गेले चार दिवस मेंढा तुमच्या ओळखीच्या माणसाच्या पडवीत आहे. पैसे परत द्यावे लागतील का, हा तुमचा प्रश्न.

कायद्याकडे वळण्याआधी एक काम आजच्या आज करा. त्या पडवीत पशुवैद्यकाला पाठवा. चार दिवसांत त्याला कोणी तपासल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. जनावर दुखतंय, तेव्हा उपचार आधी. आणि दुखापत किती दिवसांची, हाड मोडलंय की नुसता मुरगळा, बोटीत पायांना बांधलेल्या दोरीची जखम किती खोल, हे आज कागदावर आलं नाही तर पुढे दोघंही आपापल्या सोयीने सांगत बसाल.

आता कायदा. मालविक्री अधिनियम, १९३० याच्या दृष्टीने जनावर हा 'माल'च आहे. कलम २० सांगतं की ठरावीक वस्तूचा बिनशर्त सौदा झाला आणि ती द्यायला तयार असली, की मालकी सौदा होताक्षणी बदलते. पैसे आणि ताबा नंतर ठरला असला तरी. तुमचा सौदा 'एखादा चांगला मेंढा' असा नव्हता, बिल्ल्याच्या नंबराचा तोच मेंढा ठरला होता. मात्र दाखला घेण्याची जबाबदारी तुम्ही स्वतःवर घेतली होती. तिथे कलम २१ लागू होतं: वस्तू देण्याजोगी करण्यासाठी विकणाऱ्याला काही करायचं बाकी असेल, तर ते पुरं होऊन घेणाऱ्याला कळेपर्यंत मालकी बदलत नाही. दाखल्याचा फोटो तुम्ही पाठवला आणि त्यांनी तो पाहिला. माझ्या मते त्या क्षणी मेंढा त्यांचा झाला.

कलम २६ प्रमाणे मालकीबरोबर जोखीमही जाते. कोणाच्या चुकीने पाठवणी लांबली असेल, तर त्या उशिरामुळे होऊ शकणाऱ्या नुकसानीची जोखीम चुकणाऱ्यावर राहते. पण नऊ दिवस बोट थांबली ती समुद्रामुळे. तुमच्या संदेशात ठरलेली तारीखही नव्हती, 'मिळेल त्या बोटीने' एवढंच होतं. त्यामुळे "उशीर झाला" ही त्यांची तक्रार मला लंगडी वाटते.

इथपर्यंत तुमची बाजू भक्कम आहे. पण दुसरा फोटो मी बराच वेळ पाहत राहिले. बर्फाच्या खोक्यांना खेटून मेंढा आडवा पडलाय, पुढचे दोन्ही पाय नायलॉनच्या दोरीने एकत्र आवळलेत, खाऱ्या पाण्याने लोकर चिकटून गेलीय. खाली पेंढा नाही, गोणपाटही नाही. पाय खलाशांनी बांधले, असं तुम्ही लिहिता. पण बोट तुम्ही ठरवली होती आणि फोटोही तुम्हीच काढलाय, म्हणजे त्या वेळी तुम्ही तिथेच होतात.

कलम ३९ म्हणतं की वाहतूकदाराच्या हाती माल दिला म्हणजे घेणाऱ्याला दिल्यासारखंच. त्यातलीच पुढची अट मात्र अशी की मालाचं स्वरूप बघून वाहतुकीचा वाजवी करार विकणाऱ्याने करायचा. तो केला नाही आणि वाटेत नुकसान झालं, तर घेणारा ती पाठवणी मानायला नकार देऊ शकतो किंवा भरपाई मागू शकतो. जिवंत जनावर पाच तास पाय बांधून नेणं वाजवी होतं, हे मी कोर्टात मांडू शकणार नाही. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत सहा तासांहून लांबच्या रेल्वे आणि रस्त्याच्या प्रवासाला लागू होतात, तुमच्या बोटीला थेट नाहीत. पण पाय बांधायचे नाहीत, खाली निदान ५ सेंटिमीटर पेंढा हवा, असं त्यात स्पष्ट आहे आणि समोरचा वकील तेच माप लावेल. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याचं कलम ११ कुठल्याही प्रकारे जनावराला विनाकारण वेदना होतील असं नेण्याला लागू आहे. त्यातून बोटही सुटत नाही.

मालविक्री अधिनियमाच्या त्याच कलम ३९ मध्ये समुद्रमार्गासाठी वेगळी तरतूद आहे. जिथे विमा काढण्याची रीत आहे, तिथे विकणाऱ्याने घेणाऱ्याला विमा काढता येईल अशी सूचना द्यायची. न दिल्यास समुद्रातली जोखीम विकणाऱ्यावर. मच्छीमार बोटीतून जाणाऱ्या एका मेंढ्याचा विमा काढायची रीत आहे, हे त्यांना सिद्ध करता येईल असं वाटत नाही. पण मुद्दा ते काढतील, तेव्हा तयारी ठेवा.

सगळं तुमच्या बाजूने लागलं तरी निम्मी रक्कम 'इसार' म्हणून आपसूक जप्त होईल, असं धरून चालू नका. इसार वेगळा आणि किमतीचा हप्ता वेगळा. मालकी त्यांची झाली असेल तर तुमचा मार्ग उरलेल्या रकमेच्या दाव्याचा, म्हणजे मालविक्री अधिनियमाच्या कलम ५५ चा. ती न झाल्याचं ठरलं आणि सौदा त्यांनी मोडला, तर प्रत्यक्ष नुकसानीची वाजवी भरपाई मिळेल, सगळी रक्कम नाही.

म्हणून माझा सल्ला तडजोडीचा आहे. डॉक्टरांनी जखम बरी होणारी आहे असं लिहून दिलं, तर उपचार आणि चाऱ्याचा खर्च तुम्ही सोसा आणि मेंढा बरा झाल्यावर त्यांनी घ्यावा. पैदाशीची खात्री म्हणून ते वीर्यतपासणी मागतील, आणि ते रास्त आहे. पैदाशीसाठी घेतोय हे तुम्हाला माहीत होतं, तेव्हा कलम १६ प्रमाणे त्या कामाला तो योग्य असायला हवा. फक्त ही तपासणी आत्ता करू देऊ नका. ताप किंवा मोठा ताण येऊन गेला की मेंढ्याचं वीर्य काही आठवडे खालावलेलं असू शकतं, आणि नवं बीज तयार व्हायला साधारण सात आठवडे लागतात. दोन महिन्यांनंतरची तारीख धरा. कायमचं अपंगत्व निघालं, तर पैसे परत करून मेंढा घरी आणा. त्या फोटोसह लढायला मी तुम्हाला सांगणार नाही.

त्यांना आजच असं लिहा: "मेंढ्याला डॉक्टरांना दाखवत आहे, अहवाल तुम्हाला पाठवते. तुमचे डॉक्टरही येऊन तपासू शकतात. अहवाल येईपर्यंत दोघांचेही हक्क राखून बोलू." माफी किंवा कबुली त्यात नको. मोबाइलवरचा एकही संदेश पुसू नका आणि तो फोन विकू किंवा बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडून तेच संदेश पुराव्यात द्यावे लागतील.

बोटवाल्याने पावती दिली असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठवा. 'जनावर मालकाच्या जबाबदारीवर' असं मागे छापलंय का, ते पाहूनच त्याच्याकडून काही वसूल होईल की नाही ते सांगते.