सीलला उपास सोसतो, म्हशीला का सोसत नाही?

प्रश्न : सील या समुद्री सस्तन प्राण्याची मादी पिलाला पाजताना काही खात नाही, अंगच्या चरबीवरच दूध देते, असं वाचलं. आमची नागपुरी म्हैस जनल्यावर तिसऱ्या आठवड्यात ढेप सोडून नुसतं कुटार चघळायला लागली. डॉक्टर म्हणाले, चरबी रक्तात उतरून कीटोसिस झाला. मग सीलला का होत नाही?
– एक पशुपालक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : चरबी रक्तातून नेण्याची रीत दोघींची एकच आहे. चरबी पाण्यात विरघळत नाही. म्हणून साठ्यातून सुटलेली फॅटी ॲसिड अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून निघतात. काही स्नायूंत जळतात, बरीच यकृतात जातात. यकृत त्यांची पुन्हा चरबी करून प्रथिनात बांधतं आणि ती गाठोडी रक्तात सोडतं. कासेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत एक एन्झाइम ही गाठोडी उकलतं आणि चरबी दुधात येते. हत्ती सील असं जवळपास चार आठवडे उपाशी पाजते. हूडेड सीलचं पाजणं चारच दिवसांचं, पण दुधात ६० टक्के चरबी! पिलू रोज सुमारे ७ किलोनं वाढतं.

फरक पडतो तो साखरेत. सीलच्या दुधात साखर १ टक्काही नसते. म्हशीच्या दुधात ती ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ८ लिटरमागे ४०० ग्रॅम, आणि ती सगळी रक्तातल्या ग्लुकोजपासून बनते. हे ग्लुकोज यकृताला घडवावं लागतं, त्याचा मुख्य कच्चा माल पोटात दाणा आंबून मिळतो. खाणं घटलं की यकृत ग्लुकोजच्या मागे लागतं, चरबी अर्धवट जळते आणि त्यातून उरणारे कीटोन रक्तात साचतात, हाच कीटोसिस. त्यातच रवंथ करणाऱ्या जनावराचं यकृत गाठोडी बांधून बाहेर काढण्यात मंद, म्हणून चरबी तिथंच तुंबते.

आधी दाणा-ढेप सुटते, कडबा-कुटार चालू राहतं, श्वासाला गोडसर वास येतो. लघवीतले कीटोन दाखवणारी रोथेरा चाचणी जांभळी आली की खात्री पटते. यकृताला ग्लुकोज घडवायला कामी येणारं प्रोपिलीन ग्लायकॉल डॉक्टरांच्या सल्ल्यानं रोज २५० ते ३०० मिली, तीन ते पाच दिवस तोंडानं देतात. पाजताना मान फार उंच धरू नका, औषध फुप्फुसात जातं. गुळावर विसंबू नका, तो पोटातच आंबतो, ग्लुकोज म्हणून रक्तात पोचत नाही. पुढच्या वेताला म्हैस जनण्याआधी फार लठ्ठ होऊ देऊ नका, पण शेवटच्या महिन्यात उपाशी ठेवून वाळवायलाही जाऊ नका, तेव्हाच चरबी सुटायला लागते. जनल्यावर दाणा दोन दिवसाआड अर्धा किलोनंच वाढवा. एकदम वाढवला तर पोटात आम्ल होऊन ती पुन्हा खाणं सोडते.