पुण्याहून पाच दिवसांत पँगाँग सरोवर पाहून होईल का?

होईल, पण सहावा दिवस हाताशी ठेवा. लेहची विमानं बहुतेक सकाळचीच असतात आणि हवा बिघडली की रद्द होतात.

पुणे साधारण ५६० मीटरवर, लेह ३,५०० वर, पँगाँग ४,३०० च्या आसपास. एवढ्या उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्येच काढा. पहिला दिवस निव्वळ आराम, दुसऱ्या दिवशी बाजार आणि शांती स्तूप, तोही गाडीने. दारू नको आणि झोपेची गोळी तर नकोच, तिने श्वास मंदावतो. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची असेल तर इथूनच डॉक्टरांना विचारून. सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघा, मुक्काम सरोवराकाठच्या स्पांगमिक गावात, चौथ्या दिवशी परत. वाटेतली चांग ला खिंड ५,००० मीटरच्याही वर आहे, तिथे फोटोपुरतंच थांबा. खरी मेख परतीची आहे: सरोवरावर त्रास वाढला तर खाली लेहला यायलाही आधी तीच खिंड चढावी लागते. त्यामुळे लेहमध्येच डोकं दुखत असेल किंवा मळमळत असेल, तर बरं वाटेपर्यंत निघूच नका.

जून ते सप्टेंबर उत्तम. रात्री थंडी कडाक्याची, जाड जाकीट हवंच. आणि सिम पोस्टपेड घ्या. आपलं इथलं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही.