आधी पट्टी बदला, मग गाणं

प्रश्न: आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. मुलगी नऊ वर्षांची, जपानी शाळेत तिसरीत आहे. पुढच्या महिन्यात तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस काराओके बॉक्समध्ये, म्हणजे गाणी म्हणायला भाड्याने मिळणाऱ्या खोलीत आहे. संगीताच्या तासाला एका मुलाने तिला 'ओन्ची' म्हणजे बेसूर म्हटलं, तेव्हापासून ती वर्गात नुसते ओठ हलवते. घरी दार लावून योआसोबी या जपानी जोडीचं 'आयडॉल' म्हणते आणि मध्येच चिडून सोडून देते. आता वाढदिवसाला जायचंच नाही म्हणते. मी लहानपणी थोडी पेटी शिकले आहे, पण ही गाणी मला येत नाहीत. तिला कोणतं गाणं द्यावं? – एक आई

उत्तर: ताई, दार लावून का होईना, मुलगी गाते आहे. म्हणजे गाणं तिला आवडतं, आणि हे काम महिनाभरात होण्यासारखं आहे.

आधी 'बेसूर' या शिक्क्याचा निकाल लावू. पेटीवर पांढरी एक आणि पांढरी पाच वाजवा आणि वरचा सूर कोणता ते तिला विचारा. मग तिच्या ओळखीच्या एखाद्या गाण्याची चाल शब्दांशिवाय वाजवा. दोन्ही ओळखता आलं तर कान शाबूत आहे. आता सूर लावायला सांगताना मात्र पेटी बाजूला ठेवा आणि स्वतः गाऊन दाखवा. लहान मुलांना वाद्यापेक्षा माणसाच्या आवाजात आवाज मिसळणं सोपं जातं, त्यातही आईच्या. बाबांनी खालच्या सप्तकात गाऊन दाखवलं तर पुष्कळ मुलं गोंधळतात.

'आयडॉल' तिला जमत नाही यात तिचा काही दोष नाही. मिनिटाला सुमारे १६६ ठोक्यांची लय, मध्ये रॅप, मध्येच बदलणारी चाल आणि श्वासाला जागाच नाही. मोठ्या गायिकासुद्धा त्यावर महिनोन्‌महिने घासतात. योआसोबीचंच 'योरु नि काकेरु' किंवा आदो या गायिकेचं 'शिन्जिदाई' ही आणखी अवघड, कारण ती थेट आवाजावर सुरू होतात. आधी वाद्यांचे सूर कानावर पडत नाहीत, त्यामुळे पहिलाच सूर हवेत शोधावा लागतो. घाबरलेल्या मुलाचा पहिला सूर चुकला की पुढचं सगळं गाणं गेलंच.

नऊ वर्षांच्या मुलीचा गळा साधारणपणे मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी एक-दोनपर्यंत आरामात फिरतो. गाणं या पट्ट्यात बसायला हवं, सुरुवातीला वाद्यांच्या दोन-चार मात्रा हव्यात, आणि ओळी एवढ्या लहान हव्यात की प्रत्येक ओळीनंतर श्वास घेता येईल.

माझी पहिली पसंती एकेबी४८ या मुलींच्या गटाच्या '३६५-निची नो कामिहिकोकी'ला. २०१५ साली एनएचके या जपानी वाहिनीच्या सकाळच्या मालिकेचं हे शीर्षकगीत होतं. लय संथ, चाल बोलल्यासारखी, मोठ्या उड्या नाहीत, आणि नऊ वर्षांच्या मुलीला मैत्रिणींसमोर ते 'लहान बाळांचं' वाटत नाही. हा मुद्दा हलका समजू नका. 'आनपानमान' या छोट्यांच्या कार्टूनचं गाणं सोपं आहे म्हणून तिसरीतल्या मुलीला दिलंत तर ती माइक हातात घेणारच नाही.

दुसरं 'पाप्रिका'. २०१८ सालचं, योनेझु केन्शी यांनी फूरिन या पाच मुलांच्या गटासाठी केलेलं. मुलांनीच गायलेलं असल्यामुळे पट्टी फारशी हलवावी लागत नाही, आणि सगळे एकाच सुरात गातात, त्यामुळे चारचौघींत आवाज मिसळून जातो. यात एक खाच आहे. मुलं नाचत गातात, हात वर गेला की माइक तोंडापासून लांब जातो, आणि उड्या मारून ध्रुपदापर्यंत दम संपतो. नाच मैत्रिणींना करू दे, माइकवालीने उभं राहून गावं.

आणि तुमच्यासाठी एक खास: साकामोतो क्यू यांचं १९६१ सालचं 'उए ओ मुइते आरुको'. याचा मुख्य भाग बहुतांशी सा रे ग प ध याच सुरांवर चालतो, म्हणजे आपल्या भूप रागाचेच सूर. पहिली ओळ सा-रे-ग अशी चढून मंद्र धैवत-पंचमावर उतरते, तुम्हाला पेटीवर लगेच सापडेल. मधल्या कडव्यात मात्र मध्यम येतो आणि रंग पालटतो, मुलं तिथेच घसरतात. तेवढ्या दोन ओळी वेगळ्या घोटून घ्या. शेवटी शीळ आहे, ती सगळ्यांनी मिळून घालावी.

स्मॅप या गटाचं 'सेकाई नि हितोत्सु दाके नो हाना'ही चालेल, शाळांत ते सर्रास गातात. पण ते पुरुषांच्या आवाजातलं आहे. मूळ पट्टीत मुलीला फार खाली जातं, आणि एक सप्तक वर घेतलं तर ध्रुपदात ओरडावं लागतं. साकामोतोंच्या गाण्यालाही हाच नियम लावा.

म्हणून वाढदिवसाआधी आठवड्यातल्या एखाद्या दुपारी तुम्ही दोघीच काराओकेला जा. दर बहुधा अर्ध्या तासाच्या हिशेबाने असतो आणि त्या वेळी स्वस्त पडतो. एक तास पुरे. वाढदिवसाच्या खोलीत डॅम कंपनीचं काराओके मशीन आहे की जॉयसाउंडचं ते आधी विचारून घ्या आणि सरावही त्याच मशीनवर करा. 'गेन्क्योकु की' हे मूळ पट्टीचं बटण दाबून मोजणी तिथून सुरू करा. पट्टीचं बटण एकदा दाबलं की अर्धा सूर सरकतो. आधी ध्रुपदातली सगळ्यात उंच ओळ गाऊन बघा. हनुवटी वर जात असेल, मानेच्या शिरा ताणल्या जात असतील तर दोनने खाली आणा. लगेच सगळ्यात खालची ओळ तपासा. तिथे आवाजाची नुसती हवा होत असेल तर एकने वर न्या. बहुतेक पालक इथेच चुकतात. उंच सूर टाळायला पट्टी चार-पाचने खाली आणतात, मग सुरुवातीची ओळ मुलीला स्वतःलाच ऐकू येत नाही आणि ती म्हणते, 'मला येतच नाही.' पुरुषांच्या गाण्याला तीन-चारने वर नेऊन बघा. जमलेला आकडा चिठ्ठीवर लिहून ठेवा.

वाद्यांचा आवाज माइकपेक्षा कमी ठेवा. तो मोठा असला की मूल एक तर ओरडतं नाही तर गप्प होतं. एको म्हणजे आवाजाचा घुमारा जास्त असेल तर शब्दांचा चिखल होतो, पण अगदी बंदही करू नका, थोडा एको आवाजाला आधार देतो. गाइड मेलडी, म्हणजे मशीन सोबत वाजवतं ती गाण्याची चाल, थोडी वाढवा. मशीन गाण्याला गुण देतं, ते गुणांकन बंद. पडद्यावरच्या सुरांच्या पट्ट्या बघत गाणारं मूल ऐकणं सोडून देतं. माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरावा. जाळी मुठीत झाकली किंवा माइक स्पीकरकडे वळला की किंचाळी येते, आणि बिचकलेल्या मुलीला तेवढं कारण पुरतं.

पडद्यावर कांजी या अवघड चित्राक्षरांवर त्यांचा उच्चार सोप्या काना अक्षरांत छापलेला असतो, पण वाचत वाचत गाणं तिला पेलणार नाही. घरी आधी शब्द नुसते तालात बोलून घ्या. सुटा 'न्' आणि 'त्सु'चं छोटं चिन्ह यांना त्यांची स्वतःची मात्रा असते, ती गिळली की मूल तालाच्या पुढे पळतं. मग 'नू नू' करत चाल, मग फक्त ध्रुपद, मग पहिलं कडवं. रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. गाताना टोकू नका. आणि आजीला पाठवायला व्हिडिओ तर अजिबात काढू नका.

वाढदिवसाला एका विश्वासातल्या मैत्रिणीशी आधीच ठरवून दोघींनी मिळून गावं, दोन माइक घेऊन. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर गाणं लावावं. पहिलं नको, आणि शेवटचंही नको, वाट बघण्यात भीती वाढते. पहिलं ध्रुपद झालं की गाणं थांबवायचं बटण दाबलं तरी चालतं, पुष्कळ मुलं तसंच करतात.

त्या दिवशी तिने गायलं नाही तरी डफलीसारखं टॅम्बोरिन घेऊन ताल धरू दे, बहुतेक दुकानांत ते मागितलं की मिळतं. खोलीत बसली, मैत्रिणींबरोबर हसली, एवढं यावेळी पुरे समजा. 'जाणार असशील तर गायलंच पाहिजे' अशी अट मात्र घालू नका.

आणि त्या मुलाचं बोलणं तसंच सोडू नका. रोजच्या रेन्राकुचोमध्ये, म्हणजे शाळा-घर संपर्काच्या वहीत, वर्गशिक्षकांना दोन ओळी लिहा: अमुक दिवसापासून मुलगी संगीताच्या तासाला गात नाही, कारण हे आहे, कृपया लक्ष द्यावं. मुलाचं नाव लिहायचं की नाही, ते मुलीला विचारून ठरवा.