पहिल्यांदाच ग्रुपने क्रूझला जाताय ना, मग हे वाचा
सगळ्यात आधी केबिनचं बघा. बोट लागणारं कोणी असेल तर बाल्कनीच्या मोहात वरचा मजला घेऊ नका, खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मधोमध घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं, आणि उलटीची गोळी डॉक्टरला विचारून आधीच घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. जहाज सुटायच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावात पोचा, फ्लाइट लेट झाली म्हणून जहाज थांबत नसतं.

मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, त्यामुळे औषधं, पासपोर्ट, पोरांचे स्विमिंगचे कपडे हातातल्या बॅगेतच. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर समुद्रातल्या रोमिंगचं बिल बघून चक्कर येईल (आमच्या एकाला आली होती, बोट लागून नाही!). सेफ्टी ड्रिल (संकटात काय करायचं त्याची तालीम) सगळ्यांना कंपल्सरी असतं, टाळू नका.

आणि हो, ग्रुपमधल्या सगळ्यांनी दिवसभर एकत्र फिरायचा हट्ट नको, भांडणं तिथूनच सुरू होतात. रात्रीचं जेवण तेवढं एका टेबलावर, त्यासाठी सगळ्यांची बुकिंग्ज क्रूझ कंपनीला सांगून आधीच एकमेकांशी जोडून (लिंक करून) घ्या. बंदरावर उतरलात की घड्याळ जहाजाच्या टायमाला ठेवा, तिथली वेळ वेगळी असू शकते.