वेंचर्स या फक्त वाद्यं वाजवणाऱ्या अमेरिकन गिटार बँडच्या लाइव्ह मैफली लोकांना अजून का आठवतात? आणि त्यांच्या 'पाइपलाइन' या धुनेतला, जाड तारेवर बोट घसरवत काढलेला 'टेके-टेके' आवाज कसा काढायचा?

हे तुमचे प्रश्न, आणि त्यांखाली तुम्ही सहज लिहून गेलात, "आमचा लीडवाला तयार आहे, रिदमला कोणीही चालेल." घोडं तिथेच पेंड खातं. लीड म्हणजे धून वाजवणारी गिटार, रिदम म्हणजे तिच्यामागे कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, वाजवणारी.

जानेवारी 1965 च्या जपान दौऱ्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये सगळे नोकी एडवर्ड्सचं लीड ऐकतात. एकदा फक्त डॉन विल्सनची रिदम गिटार ऐका. गाणारा नाही, म्हणजे शब्द नाहीत. दोन सुरांमधली रिकामी जागा दिसू न देण्याचं काम त्याच्याकडे. तो कॉर्ड लांबवत नाही, तोडतो. स्ट्रोक लागला की डाव्या हाताची पकड लगेच सैल होते, पण बोटं तारांवरच राहतात आणि उजवा हात थांबत नाही. मधले मुके स्ट्रोक ड्रमर मेल टेलरच्या स्नेअर ड्रमला चिकटून बसतात. 'वॉक, डोन्ट रन' ही त्यांची गाजलेली धून; तो तुकडा मंचावर 1960 च्या मूळ रेकॉर्डपेक्षा बराच जलद जातो, तरी कोसळत नाही, तो या हातामुळे. ए मायनर, जी, एफ, ई हे चार कॉर्ड पहिल्या महिन्यात सगळ्यांना येतात. त्या वेगात ते अख्खी मैफल सारख्याच ताकदीने वाजवणारा माणूस मिळत नाही.

आता टेके-टेके. जाड, न वाकणारं पिक घ्या. तळहाताची कड ब्रिजवर (गिटारच्या बुडाकडे तारा टेकतात तिथे) अशी टेकवा की सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार अर्धी दबेल. पूर्ण दाबली तर सूरच मरतो. डाव्या हाताचं बोट बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या पट्टीच्या) वर ठेवा, मात्रेला चार असे खाली-वर स्ट्रोक सुरू करा आणि स्ट्रोक न चुकवता बोट नटकडे, म्हणजे गिटारच्या डोक्याकडच्या टोकाला, घसरवत आणा. बोट फ्रेटवर गच्च दाबलं तर घसरताना अडकतं, फार हलकं ठेवलं तर नुसती खरखर येते. बहुतेकांचं बिघडतं ते वेगळ्याच जागी: बोट घाईत खाली पोचतं आणि उजवा हात मागे राहतो. आधी उजवा हात मेट्रोनोमवर पक्का करा, बोट हलवायचं नंतर. घसरण संपते ती बरोबर समेवर यायला हवी, नाहीतर ड्रमर गोंधळतो.

तारांचा 9 चा सेट (सगळ्यात बारीक तार इंचाच्या 9 हजारांशाची) लावला असेल तर उतरवा. त्यातली सहावी तार इतकी सैल असते की जोराच्या पिकिंगने सूर वर-खाली हलतो. 11 चा सेट लावा, त्यात ती 48 किंवा 49 ची असते. पिकअप (तारेचा आवाज उचलणारं चुंबक) ब्रिजकडचा, सिंगल कॉइल. स्प्रिंग रिव्हर्बचं, म्हणजे घुमारा देणारं वेगळं युनिट ॲम्पच्या आधी येतं, म्हणून ॲम्पचा आवाज स्वच्छ ठेवा. तो फाटू लागला की रिव्हर्बची शेपटीही फाटते आणि सगळा चिखल होतो. कॉलेजच्या हॉलमध्ये मुळातच घुमतं, तिथे रिव्हर्ब घरच्यापेक्षा कमी ठेवा.

मैफलीतलं लोकांना आठवतं ते बहुतेक 'कॅराव्हान' ही धून. मेल टेलर लांबलचक ड्रम सोलो वाजवता वाजवता काठ्या थेट बॉब बोगलच्या बेसच्या तारांवर आणायचा. डाव्या हाताने सूर बॉब धरायचा, ठोका मेलचा. करून पाहायचं असेल तर काठी नेकच्या टोकाशी हलकी मारा, जोर लावला तर ती उसळून एकाच सुराचे दोन ठोके पडतात.

आणि हा बॉब बोगल कोण? 1958 मध्ये डॉनबरोबर बँड सुरू करणारा, 'वॉक, डोन्ट रन'च्या पहिल्या रेकॉर्डवर लीड वाजवणारा. तेव्हा बेस नोकीकडे होता. नोकीचा हात जास्त तयार आहे हे दिसल्यावर बॉबने लीड त्याला दिलं आणि स्वतः बेस घेतला. 1962 ला जपानला पहिल्यांदा गेले तेही हेच दोघे, डॉन आणि बॉब. मागे उभं राहणाऱ्याला 'उरलेला माणूस' समजणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे, आणि वेंचर्सपुढे त्यांचं म्हणणं टिकत नाही. लीडवाला बदलूनही हा बँड दशकानुदशकं जपानला जात राहिला. नोकी मधली काही वर्षं बँडमध्ये नव्हता, त्याच्या जागी जेरी मॅगी होता. रिदम मात्र डॉनचीच.

तेव्हा तुमच्यातला सगळ्यात पक्क्या लयीचा मुलगा रिदमला ठेवा, आणि 'पाइपलाइन'चा टेके-टेकेही त्यालाच द्या. लीडवाल्याला लगेच धून उचलायची असते, त्याचा हात मोकळा हवा.

एक राहिलं. मी लिहिलं ते 1965 च्या आवाजाबद्दल. तेव्हा त्यांच्या हातात मॉसराइट गिटारी होत्या, त्यांचे पिकअप तापट, म्हणजे जोरकस. तुमच्याकडे हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तर टोन पूर्ण उघडा आणि गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घ्या. तंतोतंत तो आवाज येणार नाही, पण स्ट्रोक सुटे ऐकू येतील.