भिंत बर्लिनची, मग त्या खेड्यात कशी?

प्रश्न : आमचा मुलगा दोन वर्षांपासून जर्मनीत होफ या शहरात नोकरीला आहे. परवा त्याने जवळच्या एका खेड्याचे फोटो पाठवले. शेतं, उतरत्या छपरांची घरं आणि मध्येच पांढरी उंच भिंत! ‘बर्लिनसारखी भिंत इथेही होती,’ म्हणतो. बर्लिन तर तिथून कितीतरी लांब. तो आमची फिरकी घेतोय का? मे महिन्यात आम्ही दोघं जाणार आहोत.
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : नाही हो ताई, पोरगा खरं बोलतोय. ते गाव म्योडलारॉइट. वस्ती जेमतेम ४०-५० माणसांची, म्हणजे आमच्या गिरगावच्या चाळीचा एक मजलासुद्धा भरणार नाही. अमेरिकन सैनिक त्याला ‘लिटल बर्लिन’ म्हणायचे.

तुम्ही मुलुंड पूर्वच्या, तेव्हा तुम्हाला चटकन कळेल. तुमच्याकडे मध्ये रूळ आहेत, तिथे टानबाख नावाचा ओढा आहे. ओढा कसला, साडी जरा वर धरून मी तो सहज ओलांडला असता. १८१० मध्ये त्याच्या काठाने हद्दीचे दगड बसवले गेले : एकीकडे बव्हेरियाचं राज्य, दुसरीकडे रॉइस नावाचं छोटं संस्थान. गावाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. शाळा आणि खानावळ ओढ्याच्या एका अंगाला, चर्चला जायचं तर सगळ्यांनी मिळून दुसऱ्या अंगाच्या ट्योपन गावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर तीच रेघ अमेरिकन आणि रशियन ताब्यातल्या मुलखांची सीमा झाली आणि १९४९ पासून दोन देशांची. १९५२ मध्ये पूर्व जर्मनीने सीमेलगत ५ किलोमीटरचा प्रतिबंधित पट्टा आखला. तिथे राहणाऱ्यांनाही परवाना लागायचा. गावात आधी लाकडी कुंपण आलं, मग काटेरी तारा, आणि १९६६ मध्ये ७०० मीटर लांब, ३.३ मीटर उंच काँक्रीटची भिंत.

मला विचाराल तर भिंतीपेक्षाही वाईट होता तो हात हलवण्याचा नियम. पश्चिमेकडचे लोक टेकाडावरून पलीकडच्या नातेवाइकांना हात करायचे. पूर्वेकडच्यांना उलट हात करायला बंदी. चाळीत दोन बिऱ्हाडांचं बोलणं वर्षवर्ष बंद असायचं, पण गॅलरीत समोरासमोर आलं की मान तरी हलायची! इथे काकूने पुतण्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करायचं. १९८३ मध्ये थोरले बुश, तेव्हाचे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष, ही भिंत बघून गेले.

बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला खुली झाली. इथे पायी जाण्यापुरती वाट मिळायला ९ डिसेंबर उजाडला. १७ जून १९९० ला यंत्र लावून भिंत पाडली. सगळी नाही, एक तुकडा मुद्दाम ठेवलाय, तोच तुमच्या फोटोत आहे. तिथे संग्रहालयही आहे.

दोन देशांचा एक देश झाला, पण गाव अजून दोन राज्यांत आहे : बव्हेरिया आणि थुरिंगेन. महापौर दोन, गाड्यांच्या नंबरप्लेटा दोन, पिनकोडही दोन, ९५१८३ आणि ०७९२६. तुमच्याकडे पूर्वेला ४०००८१ आणि पश्चिमेला ४०००८०, तसंच. यात कुणाला दुःख नाही, पोस्टमनला असलं तर ठाऊक नाही.

मी तीस वर्षं मुंबईत जर्मन शिकवलं. त्या गावी गेले तेव्हा बव्हेरियाच्या बाजूला एक आजोबा फाटकाला रंग देत होते. मी ऐटीत, शुद्ध उच्चारात नमस्कार केला, ‘गुटेन टाग!’ त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि म्हणाले, ‘ग्र्युस गॉट.’ मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी पुन्हा ‘गुटेन टाग’. ते पुन्हा ‘ग्र्युस गॉट’, या वेळी जरा मोठ्याने. मग ब्रशनेच ओढ्यापलीकडे दाखवलं : ते तिकडे!

तर ताई, दोन्हीकडचे नमस्कार पाठ करून जा. आणि डबा बरोबर घ्या. होफहून गाडीने पंधराएक किलोमीटरच आहे, पण तिथे कोपऱ्यावर वडापावची गाडी नाही. नंबरप्लेटवर ‘एचओ’ दिसलं की होफ जिल्हा, म्हणजे बव्हेरिया. ‘एसओके’ दिसलं की पलीकडची गाडी. भिंतीसमोरच्या वाहनतळावर दोन्ही शेजारी शेजारी उभ्या असतात.